फळ्यावरचा सुविचार आणि वर्तमानपत्रातले शब्दकोडे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांच्याविषयी आदर व्यक्त करून मी विषयाकडे वळतो. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य शाळेने मला दिले होते. रोजचा सुविचार आणि वर्तमानपत्रातले शब्दकोडे यांवर बोलेन, असे मी कळविले तेव्हा संयोजकांपैकी एकांनी मोठ्या अदबीने सुचविले, ‘‘सर, ज्ञानेश्वरीवर बोलला असता तर बरे झाले असते.’’ त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. चाळीस वर्षे मराठी वाङ्मय शिकविलेल्या माणसाने फळ्याच्या कोपऱ्यातील एका ओळीवर आणि काळ्यापांढऱ्या घरांच्या एका जाळीवर तासभर बोलावे, हे काहींना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु मराठीचा इतिहास आपण बहुधा ग्रंथांच्या आधारे लिहितो, आणि जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगसारख्या रानातल्या गावात माझ्या लहानपणी ग्रंथ असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकीच होती. ज्या घरात पोथीपलीकडे पुस्तक नाही, त्या घरात प्रमाण मराठीचा रोजचा घास कोणत्या वाटेने पोहोचत होता, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो तेव्हा या दोनच चौकटी डोळ्यांसमोर येतात. एक मुलांनी शाळेतून घरी आणलेली. दुसरी वर्तमानपत्रातून आलेली.

या दोन चौकटींचा स्वभाव मात्र एकमेकींच्या अगदी उलट आहे. सुविचार पुरा वाक्य हाती देतो, तर कोडे रिकामी घरे हाती देते. शब्द मोजू लागलो तर ‘सुविचार’ चार अक्षरांचा आणि ‘शब्दकोडे’ही चार अक्षरांचे. हा योगायोगच, त्यातून काही सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही.

प्रथम सुविचाराकडे पाहू. ही चाल शिक्षणखात्याने काढलेली आहे अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः आपल्या देशात सुटे वाक्य जपून ठेवण्याची परंपरा फार जुनी आहे. संस्कृतात तिला सुभाषित म्हणतात. अकराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधील विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने ‘सुभाषितरत्नकोश’ हा संग्रह सिद्ध केला. त्यात सतराशे अडतीस श्लोक आहेत. या ग्रंथाचे संपादन करणाऱ्या दोन विद्वानांपैकी एक, दामोदर धर्मानंद कोसंबी, आपल्या शेजारच्या गोव्यात कोसबें गावी जन्मलेले, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. दुसरे वा. वि. गोखले. त्यांची आवृत्ती १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाली. विद्याकराची थोरवी मला अशी वाटते की, अनेक श्लोकांखाली तो कवीचे नाव देतो. दुसऱ्याचे वाक्य उचलताना ते कोणाचे, हे सांगण्याची शिस्त त्याने नऊशे वर्षांपूर्वी पाळली. आजच्या फळ्यांवर ती आढळत नाही. त्याविषयी पुढे बोलेन.

मराठीत ही परंपरा दोन वाटांनी आली. एक वाट पंडितांची. सतराव्या शतकात वामनपंडितांनी भर्तृहरीची शतके मराठीत आणली आणि नीतिवचन मराठी वृत्तात बसू शकते हे दाखवून दिले. दुसरी वाट शाळेची. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ हा जुन्या मराठी कवितेच्या वेच्यांचा संग्रह काढला. तुकाराम, वामन, मोरोपंत ही नावे ज्या मुलांच्या तोंडी बसली, त्यांपैकी बहुतेकांनी मूळ ग्रंथ कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी ‘नवनीत’ पाहिले होते. फळ्यावरचा सुविचार हे त्या नवनीताचेच आणखी बारीक लोणी म्हटले तरी चालेल.

तथापि सुटे वाक्य केवळ उपदेशासाठीच वापरले जाते असे समजणे चुकीचे होईल. मराठी वृत्तपत्रांनी ते फार वेगळ्या रीतीने वापरले. १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’च्या शिरोभागी जगन्नाथ पंडितांचा हत्तीला इशारा देणारा संस्कृत श्लोक असे. वाचकाला अंक उघडण्यापूर्वीच कळे की येथे कोण झोपले आहे आणि कोणी जपून राहायचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा त्याच्या मस्तकी तुकारामांचा अभंग घातला. भीड धरून उपयोग नाही आणि मुक्याची दाद जगात कोणी घेत नाही, असा त्याचा आशय आहे. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले, त्यावर ज्ञानेश्वरांच्या ओव्या आल्या. या निवडीकडे बारकाईने पाहावे. ज्या समाजाला देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्याच्या पत्राने संतांचे वचन माथ्यावर घेतले, याचा अर्थ हे वचन आमचेही आहे, वारसा आमचाही आहे, असा हक्क सांगितला. दर अंकाला तेच वाक्य, तरी ते शिळे झाले नाही, कारण त्याच्या मागे मागणी होती. अवतरणाचा इतका तेजस्वी उपयोग मराठीत दुसरा मला ठाऊक नाही.

याच्या तुलनेत पुढील काळातला सुविचार मवाळ झाला, हे मान्य केले पाहिजे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या कादंबऱ्यांतील वाक्ये वहीत उतरवून घेण्याची हौस आमच्या पिढीपर्यंत टिकली होती. ‘ययाति’ १९५९ मध्ये आली आणि पुढे तिला ज्ञानपीठ मिळाले. पण त्याआधीच तिची कितीतरी वाक्ये कादंबरी न वाचलेल्या लोकांना पाठ होती. काही समीक्षकांनी खांडेकरांच्या या सुभाषितप्रियतेवर टीका केली. मला ती पूर्णपणे पटत नाही. ज्याच्या घरी कादंबरी येणे शक्य नव्हते, त्याच्यापर्यंत निदान तिचे एक वाक्य चालत गेले. मात्र वाक्य जसजसे दूर जाते तसतसे त्याच्या अंगावरून नाव गळत जाते. प्रथम लेखकाचे नाव जाते, मग ‘एक थोर विचारवंत’ असे येते, आणि शेवटी कोणाचेही वाक्य विवेकानंदांच्या किंवा आइन्स्टाइनच्या नावावर जमा होते. हा दोष आज वाढला आहे. विद्याकराने तो केला नसता.

आता कोड्याकडे येतो. येथेही आरंभ परदेशात झाला असे मानण्याची आपल्याला घाई असते. जाळी परदेशातली, हे खरे, खेळ नव्हे. महाभारत लिहून घेताना गणेशाला क्षणभर थांबवावे म्हणून व्यासांनी मधूनमधून कूटश्लोक घातले, अशी कथा आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले. आपल्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली असे सांगतात. त्यांतल्या एकात ओठांना ओठ लागेल असे अक्षरच येऊ द्यायचे नाही, असा निर्बंध त्यांनी स्वतःवर घातला. तेच ‘निरोष्ठ रामायण’. प, फ, ब, भ, म वर्ज्य केल्यावर रामाचे नावच घेता येत नाही, मग रामायण कसे सांगायचे? पंतांनी सांगितले. महानुभावांनी तर आपले ग्रंथच कोड्यात बंद केले. त्यांच्या सकळ लिपीत एका अक्षराऐवजी दुसरे चिन्ह लिहिले जाई. कित्येक शतके ते वाङ्मय बाहेरच्यांना वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली उलगडल्यावर मराठी गद्याचा आरंभ नव्याने लिहावा लागला. अक्षरांचे कोडे सोडविल्याने एखाद्या भाषेचा इतिहास बदलल्याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

हे झाले पंडितांचे. आमच्या भागात आणि गोव्यात कोड्याला हुमाण म्हणतात. पावसाळ्यात चुलीभोवती बसून हुमाणे घालणाऱ्या कुणबी बायकांना दंडी ठाऊक नव्हता, पण प्रहेलिकेचे सोळाही प्रकार त्यांच्यापाशी असावेत असा माझा दाट संशय आहे.

जाळीचे कोडे मात्र २१ डिसेंबर १९१३ रोजी जन्मले. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन या पत्रकाराने ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या पुरवणीसाठी ते रचले. त्याचा आकार चौरस नव्हता, पतंगासारखा होता. १९२४ मध्ये कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि अमेरिकेला त्याचे वेड लागले. त्याच वर्षी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने हा वेळेचा अपव्यय आहे अशी टीका केली, आणि १९४२ मध्ये स्वतःच कोडे छापण्यास आरंभ केला. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९३० मध्येच शरणागती पत्करली होती.

ही जाळी मराठीत आणताना जी अडचण आली, ती माझ्या दृष्टीने या सर्व इतिहासातील सर्वात रोचक गोष्ट आहे. इंग्रजीत एका घरात एक अक्षर बसते आणि अक्षरे सव्वीस. मराठीत घरात काय बसवायचे? सुटे व्यंजन बसवावे, तर काना, मात्रा, वेलांटी कोठे ठेवायची? म्हणून मराठी कोडेकारांनी उच्चाराचे पूर्ण अक्षर एका घरात बसविले. ‘व्याख्यान’ हा लिहायला लांबलचक शब्द तीन घरांत मावतो: व्या, ख्या, न. परंतु या सोयीची किंमत मोजावी लागते. चौतीस व्यंजनांची नुसती बाराखडी मांडली तरी चारशे आठ अक्षरे होतात, जोडाक्षरे निराळीच. आडवा शब्द आणि उभा शब्द जेथे एकमेकांना छेदतात, तेथे दोघांचे अक्षर मात्रेसह तेच यावे लागते. ‘सुविचार’ आडवा असेल तर त्याच्या दुसऱ्या घरातून ‘कविता’ खाली उतरू शकते, कारण दोहोंत ऱ्हस्व ‘वि’ आहे. ‘नवीन’ उतरू शकत नाही, कारण तेथे ‘वी’ दीर्घ आहे. इंग्रजी कोडेकाराला हे कष्ट नाहीत. त्यामुळेच मराठी जाळीत काळी घरे अधिक दिसतात आणि छेद कमी असतात. त्याला कोणी कारागिरीतला उणेपणा म्हणू नये. लिपीचाच तो गुण आहे. शिवाय मला नेहमी असे वाटत आले आहे की आडव्याउभ्या जाळीत अक्षरे भरण्याचे शिक्षण मराठी मुलाला पहिल्या इयत्तेतच मिळते. बाराखडीचा तक्ता म्हणजे दुसरे काय आहे?

छेदाच्या या नियमामुळे शुद्धलेखनाचा वाद थेट स्वयंपाकघरात पोहोचला. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीचे स्मरण देणारे अनुस्वार गेले. त्याआधी माणसाचे ‘नांव’ आणि पाण्यावरची ‘नाव’ हे दोन वेगळे शब्द होते, त्यांची पहिली घरे वेगळी होती. ‘पांच’ ही संख्या होती आणि ‘पाच’ हे रत्न. नियमांनंतर दोन्ही जोड्या एकरूप झाल्या. विद्वानांनी त्यावर सभा गाजविल्या. कोडेकाराला मात्र नवे हत्यार मिळाले. एका शब्दाचे दोन अर्थ सांगून वाचकाला चकविण्याची सोय झाली. जुन्या वळणाची माणसे घरात अनुस्वार भरीत, तरुण खोडीत. ‘सूप’ दीर्घ पण ‘सुपात’ ऱ्हस्व, हा नियम मी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या तालुक्याचे ‘सुपा’ हे नाव जाळीत बसविताना झालेल्या भांडणातून शिकलो.

या खेळाला एक काळी बाजूही होती, आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या कोड्यांचे पीक आले. प्रवेशफी भरायची, उत्तर पाठवायचे, आणि संपादकाकडील लखोट्यात बंद असलेल्या उत्तराशी ते जुळले तर मोठी रक्कम मिळायची. त्यांतील सूचनाच अशा असत की दोन शब्द सारखेच योग्य ठरावेत. लखोट्यात कोणता आहे हे ज्ञानाने कळण्याचा मार्ग नसे. म्हणून लोक एकाच कोड्याच्या अनेक प्रती भरीत आणि प्रत्येकीत एखादे अक्षर बदलीत. मुंबई सरकारने १९४८ मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा केला. पण बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी मुंबई राज्यात येत. म्हणून १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेर छापलेली पत्रेही कायद्याच्या कक्षेत घेतली गेली. चमारबागवाला न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल दिला: जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण मिळणार नाही. तोपर्यंत केंद्र सरकारचा १९५५चा बक्षीस स्पर्धा कायदाही अमलात आला होता आणि महिन्याला एक हजार रुपयांपलीकडे बक्षीस देण्यास बंदी झाली होती.

खटल्यातील कायद्याचा भाग वकिलांसाठी सोडून देतो. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक गंमत अशी की हा वाद सुरू झाला तेव्हा कारवार जिल्हा, आणि त्यासह आमचा तालुका, मुंबई राज्यात होता. १८६२ पासून तो मुंबई इलाख्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. म्हणजे खटल्याच्या आरंभी आमच्या दृष्टीने बंगळूर परराज्यात होते आणि निकालाच्या दिवशी मुंबई परराज्यात गेली होती. आम्ही जागचे हललोही नव्हतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जुगाराची निंदा आपल्या परंपरेत किती जुनी आहे हे दाखविण्यासाठी सरन्यायाधीशांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्ताचा हवाला दिला, महाभारताचा दिला, मनु आणि याज्ञवल्क्याचा दिला. शब्दकोड्यावरच्या निकालात सुभाषिते आली! अक्ष म्हणजे फासा. त्याला एक ‘र’ जोडला की अक्षर होते. त्या वेळच्या कोड्यांत हा शेवटचा ‘र’ गळून पडला होता, एवढेच.

न्यायालयाच्या निर्णयातून कोड्याविषयी जे मला उमगले ते असे. दोष जाळीत नव्हता. दोष लखोट्यात होता. उत्तर आधीच कुलूपबंद असेल, आणि त्याच्याशी वाद घालण्याची मुभाच नसेल, तर शब्द जाणणारा आणि न जाणणारा दोघेही सारखेच असहाय होतात.

आमच्या गावी लखोटा नव्हता. त्याचे कारण कोणाचा थोरपणा नव्हे, तर गावाचे दूरत्व. बेळगावात बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये ‘तरुण भारत’ सुरू केले तेव्हापासून सीमाभागातील मराठी वाचनाला आधार मिळाला होता; पण बेळगावचे पत्र आमच्याकडे येईपर्यंत शिळे होत असे. सुप्यापर्यंत मोटारीने आणि पुढे कोणाच्या तरी पिशवीतून ते येई. एकच अंक तीनचार घरे फिरे. म्हणून कोडे शिसपेन्सिलीने, आणि तेही हलक्या हाताने भरायचे, असा अलिखित नियम होता. पुढच्या घराला खोडून पुन्हा सोडविता आले पाहिजे. शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत कागद मऊ पडून घरांच्या रेघा पुसट होत. उत्तर ‘पुढील अंकी’ छापलेले असे. पण पुढील अंक येईलच असा भरवसा नसे. मृगापासून पुढे व्हाळांना पूर आला की चारचार दिवस कोणी येत नसे. मग उत्तर ठरविणार कोण? गाव ठरवीत असे. ओसरीवर सूचना मोठ्याने वाचली जाई आणि अक्षरओळख नसलेली माणसेही तोंड उघडीत. ‘नांगराची मूठ, तीन अक्षरे’ असे एकदा आले होते. आम्ही शाळकरी पोरे अडलो होतो. ज्यांनी जन्मात पाटीला हात लावला नव्हता त्या आजीने सूप बाजूला न ठेवताच ‘रुमणे’ असे सांगितले आणि पाखडणे चालू ठेवले. त्या दिवशी वर्तमानपत्राला आपल्या घरातले काही ठाऊक आहे, असे मला प्रथम वाटले.

असे प्रसंग विरळ होते, हेही सांगितले पाहिजे. बहुधा उलटच घडे. आमच्या घरातला शब्द जाळीत बसत नसे. आम्ही व्हाळ म्हणू, पत्राला ओढा हवा असे. आम्ही हुमाण म्हणू, पत्राला कोडे. अक्षरसंख्या किंवा मधला छेद जुळला नाही की आमचा शब्द खोडला जाई. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. पुण्यामुंबईच्या टेबलावर बसलेल्या कोडेकाराला आमचे रान कसे ठाऊक असणार? परंतु रोज खोडल्या जाणाऱ्या शब्दाविषयी मुलाच्या मनात हळूहळू लाज बसते. सरकारी कागद कानडीत, पुस्तक पुण्याच्या मराठीत आणि घरातली बोली दोहोंत नाही, अशा मुलाची जीभ तीन ठिकाणी अडखळते. प्रमाण भाषेची थोरवी मी आयुष्यभर शिकविली आणि तिच्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण तिच्या जाळीत सीमेवरच्या शब्दांना एखादे घर मोकळे असावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

येथे गुरुजींची आठवण सांगणे प्राप्त आहे. रोजचा सुविचार ते स्वतः लिहीत. अक्षर टपोरे, खाली दुहेरी रेघ. शनिवारी मात्र ते वाक्यातला एक शब्द गाळीत आणि तेथे जितकी अक्षरे तितकी चौकोनी घरे काढीत. सुविचार आणि कोडे यांचा असा संगम मी अन्यत्र पाहिला नाही. एकदा त्यांनी ‘थेंबे थेंबे’ लिहून पुढे दोन घरे काढली आणि शेवटी ‘साचे’ लिहिले. म्हण सर्वांना ठाऊक होती, तरी ते म्हणाले, ‘‘पुस्तकातले उत्तर मला माहीत आहे रे, तुमचे सांगा.’’ एकाने ‘व्हाळ’ म्हटले. त्यावर दुसऱ्याने हरकत घेतली की व्हाळ वाहतो, साचत नाही. तिसऱ्याने ‘कोंड’ म्हटले. नदीच्या पात्रात उन्हाळ्यातही पाणी धरून ठेवणारा खोल डोह म्हणजे कोंड. आमच्यापैकी निम्म्यांनी तळे कधी पाहिले नव्हते; कोंडात सारेच पोहले होते. गुरुजींनी ‘तळे’ लिहिले, त्याखाली ‘कोंड’ लिहिले आणि दोन्ही शब्द सोमवारपर्यंत पुसू दिले नाहीत. पुढे काळी नदीवर धरण झाले, थेंबे थेंबे इतके पाणी साचले की तालुक्याचे सुपा हे ठाणेच त्याखाली गेले आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. तेव्हा त्या दोन घरांत कोणता शब्द बसवायचा, हे मला कधी ठरविता आले नाही.

मुलांच्या तोंडचे शब्द मोठ्या पत्राच्या जाळीत गेल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडात आहे. लिओनार्ड डॉ हे स्ट्रँड स्कूलचे मुख्याध्यापक लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’साठी कोडी रचीत. १९४४च्या मे महिन्यात त्यांच्या कोड्यांत युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी असे शब्द एकापाठोपाठ आले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ६ जूनला होणाऱ्या स्वारीचे ते गुप्त सांकेतिक शब्द होते! गुप्तचर अधिकारी धावत आले. मुख्याध्यापकांची उलटतपासणी झाली. काहीच निष्पन्न झाले नाही. पुढे चाळीस वर्षांनी त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने उलगडा केला. मुख्याध्यापक रिकाम्या जाळ्या विद्यार्थ्यांना देत, मुले त्यांत सुचतील ते शब्द भरीत आणि सूचना ते मागाहून लिहीत. शाळेजवळ सैनिकांचा तळ होता. मुलांच्या कानांवर जे पडले ते त्यांनी घरांत बसविले. युद्धखात्याला घाम फोडणाऱ्या या प्रकारात मला एक शिक्षणपद्धती दिसते: शब्द मुलांनी द्यायचे, व्याख्या मास्तरांनी करायची. आपल्याकडे याच्या नेमके उलट चालते.

२००४च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘टाइम्स’ने सुडोकू छापले आणि थोड्याच काळात ते आपल्याकडील पत्रांतही आले. चांगला खेळ आहे, मीही सोडवितो. पण त्यातले अंक कारवारला, बेळगावला आणि टोकियोला सारखेच. त्यासाठी आजीला हाक मारावी लागत नाही.

मराठी शाळांची पटसंख्या हा आज सीमाभागात सर्वत्र काळजीचा विषय आहे. त्यावर माझ्यापाशी उपाय नाही आणि असल्याचा आव मी आणणार नाही. मात्र शाळेपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, फळ्यावरच्या सुविचाराखाली नाव लिहावे. नाव ठाऊक नसेल तर वाक्य कोठे ऐकले ते लिहावे, मग ते ‘मोठ्या आईकडून’ असे असले तरी हरकत नाही. दुसरी, आठवड्यातून एकदा मुलांना रिकामी जाळी द्यावी आणि गावातले शब्द भरून आणण्यास सांगावे. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात काढले; त्यांत प्रांतोप्रांतीचे शब्द आहेत. आपल्या रानातले सगळे शब्द त्यांत आले आहेत काय, हे पाहण्याचे काम चौथीतली मुलेही करू शकतील.

आरंभ म्हणून चार सूचना मी येथेच देतो.

दोन अक्षरे: रंगही, शेतजमीनही आणि डिग्गी परिसरातून निघून कारवारला समुद्रास मिळणारी नदीही.

तीन अक्षरे: डोंगरउतारावरचे रान तोडून, जाळून केलेली फिरती शेती, इंग्रजांच्या वनखात्याने हिच्यावर निर्बंध घातले.

तीन अक्षरे: जोयड्याच्या कंदमेळ्यात कुणबी बायका मांडतात त्या कंदांपैकी एक.

दोन अक्षरे: पूर्वी अनुस्वारासह माणसाला असे, आता अनुस्वाराविना माणसालाही असते आणि नाखव्यालाही.

याची उत्तरे पुस्तिकेत छापू नयेत, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली असून त्यांनी ती मान्य केली आहे.